शनिवारचं फिनेल

जे काही झालं ते माझ्या संडासात झालं, हे आधीच सांगून टाकते. टीव्हीवाले म्हणतात प्रयोगशाळेत झालं, पेपरवाले म्हणतात निमखेड जंक्शनच्या यार्डात झालं. तिथंही झालं, मी कुठं नाही म्हणते? पण सुरुवात झाली ती रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या दाराआड, जिथं मी दर शनिवारी फिनेल ओतते. हसताय? हसा बाई, खुशाल हसा. माझी सून तेव्हा हसली नव्हती, चांगली तासभर रडली होती.

मी रत्नमाला तायडे. आमचे हे, प्रल्हाद तायडे, 'रेल्वेत होते'. आयुष्यभर मी एवढंच सांगत आले. रेल्वेत म्हणजे काय, असं कुणी पुढं विचारलं की मी चहा ठेवायला आत जायची. खरं तर हे ठेकेदाराकडे होते, पिट लाइनला. फेरी करून आलेली गाडी जिथं उभी करून धुतात, तपासतात, ती पिट लाइन. गाडीच्या संडासाखाली टाक्या असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या टाक्यांत घाण खाणारे जिवाणू सोडायचे, म्हणजे खाली पाणीच पडेल, अशी मूळ योजना. पण आपले लोक त्यात काय काय टाकतात! लंगोट, चिंध्या, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या. जिवाणू मरायचे आणि टाकी म्हणजे नुसता घाणीचा डबा व्हायची. मग जंक्शनला नळी लावून ते सगळं ओढायचं आणि जमिनीखालच्या मोठ्या हौदात सोडायचं. नळी तुंबली, हौद तुंबला, की माणूस उतरवायचा.

कायद्यानं माणूस उतरवायला बंदी होती. कागदावर कुणी उतरतच नव्हतं. कागदावर आमचे हे 'मदतनीस' होते. गाड्या हायड्रोजनवर पळायला लागल्या, डब्याडब्यांत काचेच्या भिंती आल्या, दारं आपोआप उघडायला लागली, पण त्या गाडीच्या पोटातलं काढायला माणूस दोर बांधूनच खाली जात होता.

त्या हौदातल्या वायूची एक खोड आहे. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. वायू तिथंच असतो, नाक मेलेलं असतं. ह्यांचा जीव वाचला, नाक मात्र कायमचं गेलं. मी चुलीवर भरताची वांगी भाजते तेव्हा वास पार मालधक्क्यापर्यंत जातो, आणि हे शेजारी बसून विचारतात, "झाली का गं भाजून?" मी म्हणते, "झाली." दुसरं काय म्हणणार?

आणि फिनेलचं म्हणाल, तर ते असं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. एका बारशाला गेले होते. मी बसले तशी शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी स्वच्छ न्हालेली, नवी साडी, केसांत अबोली. तरी तिनं पदर लावला. तिला ठाऊक होतं ह्यांचं काम. त्या आठवड्यापासून माझं शनिवारचं फिनेल सुरू झालं. रविवारी पाहुणे येतात, म्हणून शनिवारी. आजतागायत एक शनिवार चुकला नाही. तापानं फणफणले होते तेव्हाही ह्यांच्याकडून ओतून घेतलं, आणि ह्यांना वास येत नाही म्हणून बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला लावलं.

मी एकच ध्यास घेतला होता. आमचा सुमेध त्या हौदाच्या जवळपासही फिरकता कामा नये. शिकवला, दटावला, वेळप्रसंगी झोडपला. पोरगं लोको पायलट झालं. गाडीच्या खालून उचलून मी आमचं घर गाडीच्या पुढं नेऊन बसवलं. मग सून आली विशाखा, जिवाणूशास्त्रातली डॉक्टर. मला वाटलं, आता ही कुठलंतरी औषध शोधेल, चारचौघांत सांगायला बरं. आणि लग्नानंतर महिन्याभरात ती हसत हसत स्वयंपाकघरात आली.

"आई, माझी नेमणूक इथंच झाली. निमखेडला, पिट लाइनच्या प्रकल्पावर."

मी हातातलं उलथणं खाली ठेवलं. "इतकं शिकून पुन्हा तिथंच?"

"तिथंच जायचं म्हणून तर शिकले, आई."

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. घरातून जी गोष्ट मी रक्त आटवून बाहेर काढली, ती ही पोरगी पदवीच्या पिशवीत घालून परत आणत होती.

पण गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नाही. पाचव्या दिवशी मीच विचारलं, "नेमकं करणार काय तू तिथं?"

ती ओट्याशी टेकली. "आई, नासलेलं दूध आणि दही, यात फरक काय?"

"एक फेकायचं, एक खायचं. हे काय विचारणं झालं?"

"दोन्हीत जिवाणूच असतात. दुधात आधी कोण घर करतं, एवढाच फरक. भलत्यांनी केलं तर नासतं, विरजणातल्यांनी केलं तर दही होतं. मैल्याचंही तसंच आहे. नुसता साठवला तर नासतो आणि तो विषारी वायू सुटतो, बाबांचं नाक घेणारा. पण नेमकं विरजण लावलं तर त्यातले जिवाणू सगळं खाऊन टाकतात. उरतं पाणी आणि थोडासा जळणाचा गॅस. हौदच नको. हौद नाही म्हणजे उतरणारा माणूस नको."

"दह्याचं नाव काढू नकोस," मी म्हटलं. "उद्या मला कढी जायची नाही."

तरी ऐकत राहिले. आतापर्यंत टाक्यांतले जिवाणू मरायचे कारण ते सुटे असायचे, पाण्याबरोबर वाहून जायचे. विशाखानं त्यांना घर दिलं. घर कशाचं, तर वाळलेल्या घोसाळ्याचं! अंग घासायला जी जाळी वापरतो ना, तीच. कोळशाच्या पुडीत घोळवलेली. त्या जाळीच्या हजार खणांत जिवाणू चिकटून राहतात, एकावर एक थर देतात. आणि खाताना ते चिमूटभर वीज सोडतात. कोळसा ती वीज गोळा करतो. त्या विजेवर डब्यातल्या संडासात एक छोटा हिरवा दिवा लागतो. दिवा लागलेला म्हणजे टाकी जिवंत. दिवा गेला म्हणजे आतले मेले. इतकं सोपं, की गाडी धुणाऱ्या माणसालाही लांबून कळावं.

घोसाळ्याचा वेल माझ्या अंगणात होता. हिची नजर त्यावर गेली आणि आमची बोलणी पुन्हा सुरू झाली, असं म्हटलं तरी चालेल.

याच सुमाराला दशरथ आमच्याकडे यायला लागला. दशरथ वानखडे, ह्यांच्या जागी हौदात उतरणारा. ऐन तिशीतला, बोलायला गोड, आणि नाक ह्यांच्यासारखंच गेलेलं. विशाखानं त्याला हौदावरून काढून विरजण-घरात घेतलं, जिथं जाळ्यांवर जिवाणू वाढवतात. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की तरुण माणूस त्या वायूपासून लांब राहिला आणि रोज नेमानं वास घेत राहिला, तर नाक परत येऊ शकतं. मग काय, रोज संध्याकाळी दशरथ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. मी त्याचे डोळे बांधायची आणि डबे नाकाशी धरायची.

"हे काय?"

"काकू, पाणी?"

"लसूण आहे रे बाबा, ठेचलेला!"

महिना गेला, दोन गेले. एक दिवस त्यानं हिंग ओळखला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो. हे बाहेर खाटेवर बसले होते. त्यांनी डोळे पुसले. ह्यांचं नाक आता येणार नव्हतं, पण दशरथचं येत होतं. त्या दिवसापासून मला विशाखाच्या जिवाणूंची काळजी वाटायला लागली. ते मेले तर दशरथ परत खाली जाणार, हे मला न शिकताही कळत होतं.

पण काळजी वेगळी आणि शनिवार वेगळा. विशाखानं एक दिवस बरणीभर विरजण आणि चार जाळ्या आणून आमच्या संडासाच्या टाकीत सोडल्या. घरगुती चाचणी म्हणे. शनिवार आला. मी बाटली उचलली.

"आई, नका ना! फिनेल म्हणजे त्यांना विष आहे."

"असू दे. माझ्या घराला वास येता कामा नये."

"येणार नाही. मी सांगते ना!"

"पदर लावणारी बाई तुझं ऐकायला थांबत नाही, पोरी."

मी ओतलं. ती रडली, ते तेव्हाचं रडणं. पुढच्या सोमवारी तिनं दुसरी बरणी आणली. शनिवारी मी पुन्हा ओतलं. मग तिसरी. आमचं हे युद्ध उन्हाळाभर चाललं. मग यार्डात तिचं काम वाढलं आणि तिनं बरण्या आणणं सोडलं. मी जिंकले, असं मला वाटलं.

झालं मात्र भलतंच. पूर्वी उन्हाळा सरता सरता आमची टाकी उपसायला लागायची. त्या वर्षी लागली नाही. पावसाळ्यात मागच्या दारी उभं राहवत नसे, आता काहीच नाही. मी म्हटलं, माझ्या फिनेलची कमाल. शेजारच्या मंदा नेहेतेनं मात्र नेमकं विचारलं.

"रत्ना, तुमच्याकडे वास कसा नाही गं? आमच्या चार घरांच्या टाकीनं तर जीव नको केलाय."

"सुनेचं विरजण टाकलंय," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. फिनेलचं श्रेय तिला कशाला सांगायचं? "हवं तर ने. पण शनिवारचं फिनेल चुकवायचं नाही हं. आमच्याकडची तशी पद्धत आहे."

मंदा देवाधर्माची, पद्धत म्हटलं की पाळणारी. तिनं बादलीभर विरजण नेलं, सोबत माझ्या वेलाची घोसाळी आणि विशाखानं ओसरीवर ठेवलेली कोळशाची पूड. तिच्याकडून पुढच्या आळीनं नेलं. बघता बघता अर्ध्या कॉलनीत विरजण लागलं आणि अर्धी कॉलनी शनिवारी फिनेल ओतू लागली. विशाखाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सकाळी जायची, थकून यायची. आमच्या संडासाचं युद्ध ती हरलेलं धरून चालली होती.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर एक अख्खी लांब पल्ल्याची गाडी विरजणाच्या टाक्यांवर सोडली. हौदाला झाकण घातलं, कुलूप लावलं. गाडी दूरवर जाऊन आली, सगळे हिरवे दिवे जळत. नळी लावायची गरजच पडली नाही. दिल्लीहून समिती बघायला येणार ठरलं, मंगळवारी. समितीनं मान्य केलं तर हौद बुजवायचा, आणि पुढं सगळ्या जंक्शनवर हेच करायचं. नाही मान्य केलं, तर प्रकल्प बंद, कुलूप उघडायचं, नळ्या पुन्हा लावायच्या.

आणि आता ऐका आपल्या लोकांची गंमत. साहेब येणार म्हटलं, की आपल्याकडे पहिलं काय करतात? फिनेल! रविवारी विशाखा पाणी तपासायला बाहेरगावी गेली होती. सफाईच्या ठेकेदारानं उत्साहाच्या भरात कॅनच्या कॅन आणले आणि गाडीतल्या एकूणएक संडासात ओतले. गाडी अशी घमघमली पाहिजे, की समितीनं नाव काढावं! कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. उलट माणसं घाम गाळून काम करत होती.

दुपारी दशरथ धावत आमच्या दारात. "काकू, दिवे गेले! गाडीतले सगळे दिवे गेले!"

विशाखा आली ती थेट यार्डात गेली. विरजण-घरातली राखीव जाळी तिनं एका टाकीत सोडली. दिवा लुकलुकला आणि विझला. दुसरी सोडली, तीही विझली. टाकीच्या भिंतींत फिनेल मुरलेलं, नवे जिवाणू पडताक्षणी मरत होते. धुऊन काढायचं तर आठवडा हवा. ती घरी आली आणि मागच्या पायरीवर बसली. दशरथ तिच्यासमोर उभा, हात जोडल्यासारखे पुढं धरून.

"ताई, कुलूप उघडतील ना?" तो म्हणाला. "मी जाईन. सवय आहे. फक्त हिंगाचा वास तेवढा..."

मी विशाखाला म्हटलं, "अगं, आपल्या टाकीतलं विरजण घे की!"

"आई, ते कधीच मेलं. तुम्ही दर शनिवारी फिनेल ओतता."

"मग वास का येत नाही? टाकी उपसावी का लागली नाही?"

ती अशी ताडकन उठली, की पायरीवरचा तांब्या घरंगळत गेला. तिनं टाकीचं झाकण सरकवलं, गळ टाकून जाळी वर ओढली. काळी, जाड, साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत. तिनं तिला मापकाच्या तारा लावल्या. काटा उठला. उठला तो उठतच गेला.

"आई, शेवटचं फिनेल कधी ओतलंत?"

"काल. शनिवार होता ना."

ती तिथंच खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसू. "आई, तुम्ही काय केलंत ठाऊक आहे? पहिल्या शनिवारी बहुतेक सगळे मेले. वाचले ते थोडे, ज्यांना फिनेल सोसवलं. मग आठवडाभर त्यांचीच पिल्लं वाढली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्यांची पिढी तासा-दोन तासांची असते, आई. एका उन्हाळ्यात हजारो पिढ्या! दर शनिवारी परीक्षा, आणि पास होईल तोच पुढं. आता हे फिनेल नुसतं सोसत नाहीत, खातात. मी प्रयोगशाळेत त्यांना जपत बसले. तुम्ही त्यांना टक्केटोणपे देऊन वाढवलंत."

"मग मी काय म्हणत होते?" मी म्हटलं. काय म्हणत होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण अशी संधी कोण सोडतं?

"पण एका टाकीतलं पुरणार नाही," ती म्हणाली. "अख्खी गाडी आहे. पिकलेल्या जाळ्या हव्यात, भरपूर, आणि आजच. परवापर्यंत त्यांनी बस्तान बसवायला हवं."

"अर्ध्या कॉलनीत आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"विरजण कुणी मागितलं तर मी नाही म्हणत नाही बाई."

दशरथ बादल्या आणायला पळाला. मी घरोघर निघाले. सगळ्यांनी झाकणं उघडली. सगळ्यांत जास्त जाळ्या मंदाकडे, चार घरांची टाकी तिची. तिच्या दारात पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता आणि देवापुढं निरांजन लागलं होतं. मी सगळं सांगितलं. तिनं मान हलवली.

"रत्ना, उद्या सकाळी ने. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. घरातली लक्ष्मी जाते."

"अगं मंदे, हे दह्याचं आहे का? शी खाणारे किडे आहेत ते! त्यात कसली लक्ष्मी?"

"तूच विरजण म्हणून दिलंस. विरजण ते विरजण. माझ्या सासूनं कधी दिवेलागणीनंतर कवडीभरही दिलं नाही."

आमच्या घरात आम्ही असलं काही मानत नाही. मला असा संताप आला, की वाटलं हिला हौदाचं झाकण उघडून दाखवावं. पण तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भीती होती. मग मी हळू बोलले. "मंदा, दशरथला तू ओळखतेस. तुझ्या नातवाला खांद्यावर घेऊन पोळ्याला नेलं होतं त्यानं. गाडीतले दिवे गेलेत. ते नाही लागले तर तो परत खाली उतरेल. इथं दिवेलागण झाली असेल, तिथं अजून व्हायचीय."

मंदानं निरांजनाची वात सारखी केली. मग उठली आणि देवासमोर पाट मांडून बसली, माझ्याकडे पाठ करून.

"मी काही देणार नाही," ती म्हणाली. "पण मी जप करत असताना मागच्या दारानं कुणी चोरून नेलं, तर मला काय ठाऊक?"

मी मागच्या दाराकडे वळले, तर आतून आवाज आला, "बादली नळाजवळ आहे. आणि झाकण जड आहे, कंबर सांभाळ, चोरटे!"

त्या संध्याकाळी निमखेडच्या यार्डात जी वरात निघाली, तशी पुन्हा निघायची नाही. कॉलनीतल्या बायका, कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात रंगाचा डबा, कुणी दुधाची किटली. पदर खोचलेले. एकीनंही पदर नाकाला लावला नव्हता, लावायचं कारणच नव्हतं, वासच नव्हता. आमचे हे कंदील घेऊन पुढं, कारण या रुळांतली वाट त्यांच्याइतकी कुणाला पाठ? दशरथ डब्याखाली शिरून जाळ्या बसवत होता, विशाखा तारा जोडत होती. पहिल्या डब्याशी सगळ्या जणी माना उंचावून उभ्या. दिवा लागेना. मंदाही जप उरकून मागून आली होती. "लागेल गं," ती पुटपुटली. दिवा लुकलुकला. विझला. पुन्हा लुकलुकला. आणि मग हिरवागार, ठाम, लागून राहिला.

मंदानं त्या संडासाच्या दिव्याला हात जोडले. मी तिला हसले नाही. सकाळपर्यंत सगळी गाडी हिरवी झाली होती.

मंगळवारी समिती आली. प्रमुख एक बाई होत्या, डोळ्यांना चष्मा, आवाज शांत, पण नजर सुरीसारखी. त्यांनी टाकीतून निघालेलं पाणी तपासलं, गॅस तपासला, सगळं पसंत पडलं. मग म्हणाल्या, "रविवारी इथं फिनेलमुळे सगळं बंद पडलं होतं, असं कानावर आलंय. देशभरात हे पुन्हा पुन्हा होणार. सफाईवाले ओतणार, प्रवासी ओतणार. प्रत्येक वेळी हे असंच मरणार असेल, तर मी कशाच्या भरवशावर सही करू?"

विशाखा आकडे सांगायला लागली. बाईंच्या कपाळावरची आठी काही हलेना. मी कॉलनीतल्या बायकांबरोबर मागं उभी होते, हातात पिशवी. त्या पिशवीत माझी बाटली होती. मी म्हटलं, आता बस. गर्दीतून पुढं झाले, डब्यात चढले आणि बाटली उघडून अख्खी ओतली. पांढरंधोट पाणी, घमघमाट.

"अहो, अहो, काय करताय!" स्टेशनचे अधीक्षक ओरडले. दशरथनं डोळे मिटून घेतले. विशाखानं थांबवलं मात्र नाही.

"शनिवार नाही आज," मी म्हटलं. "पण साहेब आलेत, म्हणजे फिनेल हे आलंच."

सगळ्यांची तोंडं दिव्याकडे. दिवा मंद झाला. आणखी मंद झाला, काडीच्या टोकाएवढा. मनात म्हटलं, अरे माझ्या हातचं खाऊन वाढलात ना, मग आज लाज राखा! आणि दिवा चढला. आधी होता तितका चढला, आणि मग त्याहून जास्त. जणू म्हणत होता, आणखी आहे का?

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आपण कोण?" त्यांनी मला विचारलं.

आयुष्यभराची सवय. जीभ 'रेल्वेत' म्हणायला वळली होती. पण मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते गर्दीच्या कडेला उभे होते, नेहमीसारखे, कुणाला धक्का लागू नये असे अंग चोरून.

"मी प्रल्हाद तायड्यांची बायको," मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं. "ते पलीकडच्या हौदात उतरायचे. मैला काढायला. त्यात त्यांचं नाक गेलं. आणि ही माझी सून, जिनं तो हौद बंद केला."

मंदानं पहिली टाळी वाजवली. मग काय, यार्डभर टाळ्या. विशाखा माझ्या गळ्यात पडली, माझे फिनेलचे हात तसेच. आमचे हे जागचे हलले नाहीत, पण मान मात्र अशी ताठ, की मी नव्यानं बघितल्यासारखी बघत राहिले.

हौद बुजवला. माती पडली तेव्हा हे स्वतः कडेला उभे होते, शेवटच्या घमेल्यापर्यंत. त्या मातीवर आता घोसाळ्याचा मांडव आहे, त्याला पाणी हेच घालतात. देशभरच्या जंक्शनवरून माणसं विरजण न्यायला येतात. मी सगळ्यांना देते, फक्त बजावून सांगते, दिवे लागायच्या आत या, नंतर आमच्या मंदाच्या मागच्या दारानं चोरून न्यावं लागतं.

आणि परवाची गोष्ट सांगून थांबते. मी कढईत फोडणी टाकली होती आणि विशाखाशी बोलत बसले होते, कशावरून तरी भांडत असू, आमचं चालूच असतं. दशरथ मांडवाखाली घोसाळी तोडत होता, पार रुळांपलीकडे. तिथून तो हातातली घोसाळी टाकून ओरडत धावत सुटला, "काकू! काकू! फोडणी करपतेय!"

मी कढईकडे पाहिलं. लसूण काळा ठिक्कर पडला होता. गॅस बंद करायचं भान मला राहिलं नाही. मी तिथंच उभी राहून ढसाढसा रडले, आणि ह्यांना हाक मारून म्हटलं, "अहो, ऐकलंत का? फोडणी करपली!"